जावेचा श्वास

माझं घर आणि माझ्या धाकट्या जावेचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही मातीची. तिकडे कढईत मिरची पडली की इकडे मला ठसका लागतो. त्यामुळे वैशाली पहाटे उठून, गुळण्या करून, भ्रामरी करायला लागली की तो भुंग्याचा आवाज थेट माझ्या उशीपाशी यायचा. लांबलचक, संपायचं नाव नाही. मी इकडे खाटेवर बसून, भिंतीला पाठ टेकून, धाप आवरत तो ऐकायची आणि मनात म्हणायची, हिचा श्वास संपत कसा नाही?

दम्याबद्दल लिहायला बसले आणि पहिल्यांदा आठवला तो हा आवाज. दवाखाना नाही, औषधं नाहीत. ज्यांना दमा आहे त्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे, पण उगाच गोड गोड काही लिहिणार नाही. आजारी माणसाला स्वतःच्या आजाराचा जेवढा त्रास होतो, तेवढाच शेजारच्याच्या बरं होण्याचाही होतो. हे कुणी सांगत नाही. दवाखान्यातही कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगते.

आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे. धानाच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल लागतं. माझं नाव रत्नमाला, मी शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज आणि परकर माझ्या मशीनखालून जातात. यजमान शेती बघतात. धाकटे दीर कुरखेड्याला राईस मिलमध्ये कामाला आहेत, आणि वैशाली त्यांची बायको. आम्हाला एक मुलगा, तो नागपूरला असतो. त्यांना एक मुलगी, साक्षी. शिक्षण आटोपलं आहे आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. या गोष्टीत एवढीच माणसं आहेत, आणि भांडायला तेवढी पुरतात.

नाव पडलं तो दिवस

धान चुरण्याचे, मळणीचे दिवस होते. खळ्यात धूळ उडत होती आणि मला खोकला लागला होता. अडुळशाचा काढा झाला, हळद-दूध झालं, कुरखेड्याच्या मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. खोकला जाईना. मग झोपताना छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. यजमान म्हणाले, "मांजरीची पिल्लं बसली काय तुह्या छातीत?" आम्ही दोघं हसलो. त्यानंतर काही दिवसांनी मी आडवी होऊ शकेना, तेव्हा हसणं बंद झालं आणि आम्ही गडचिरोलीला गेलो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझ्या हातात एक नळी दिली आणि म्हणाल्या, "जोरात फुंका." मी फुंकलं. नळीवरचा काटा जरासा हलला आणि बसला. मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. त्यांनी पुन्हा फुंकायला लावलं. काटा पुन्हा तेवढाच हलला. मग त्या म्हणाल्या, "दमा आहे. आटोक्यात राहतो, घाबरू नका. पंप मात्र नेमानं घ्यायचा."

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या सासूबाईंना दमा होता. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर गुडघ्यांना मिठी मारून बसलेल्या असायच्या, आणि लग्नकार्यात त्यांचा पेला लोक वेगळा ठेवायचे. मी स्वतः ठेवलेला आहे. त्या खाटेवर आता मीच बसणार, एवढंच मला दिसत होतं.

यजमानांनी मॅडमना विचारलं, "पंप म्हणजे मंग शेवटचंच ना वो?"

मॅडम म्हणाल्या, "शेवटचं कशाचं? पहिलं औषध आहे हे."

दोन पंप मिळाले. एक रोजचा, तो घेतला की चूळ भरून गुळण्या करायच्या. दुसरा निळा, अडीअडचणीचा, दम एकदम कोंडला तर घ्यायचा. परत येताना बसमध्ये यजमान हळूच म्हणाले, "कोणाले सांगू नको." त्यांचं मन वाईट नव्हतं. आमच्याकडे पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेला असंच समजतात. पण मला कुणापासून काही लपवता येत नाही. घरी पोचेपर्यंत मी ते तिघींना सांगून मोकळी झाले होते.

पुढच्या हिवाळ्यात वैशालीलाही तेच निघालं. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला की हिला माझं सगळंच लागतं. मी मोरपंखी रंगाची साडी घेतली की हिला तोच रंग हवा. मी कुंडीत शेवंती लावली की हिच्या दारात शेवंती. आता दमाही घेतला. पण आतून बरंही वाटलं. सोबत झाली. तपासणीला दोघी एकाच बसनं जायचो, एकाच बाकावर बसायचो आणि येताना कुरखेड्याला कचोरी खायचो. ते दिवस चांगले होते.

उपकेंद्रातली सतरंजी

मग गावातल्या आरोग्य उपकेंद्रात योगाचा वर्ग सुरू झाला. बाहेरगावाहून एक मॅडम यायच्या, सतरंजी अंथरून श्वासाचे व्यायाम शिकवायच्या. वैशाली पहिल्याच दिवशी गेली. मी मशीनवरून टोमणा मारला, "श्वास घ्याले शिकाची गरज आहे काय? पाळण्यातल्या लेकरालेबी येते ते."

काही महिन्यांनी हापशीवर पाणी भरताना, चारचौघीत, तिनं जाहीर केलं, "मी तं पंप सोडला बाई. आता लागतच नाई."

बायका तिच्याभोवती जमल्या. कसं केलं, किती दिवस केलं, काय खाल्लं. मी माझी घागर उचलली आणि निघाले. घरी येईस्तोवर मला दोनदा थांबावं लागलं. मागे हापशीवर तिचं हसू ऐकू येत होतं.

त्यानंतर तर विचारू नका. योग दिनाला तिला कुरखेड्याला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. तिचा फोटो गावच्या ग्रुपवर आला, अंगावर शाल, चेहऱ्यावर तेज. यजमानांनी तो मला दाखवला आणि वर म्हणाले, "पाय, आपल्याच घरची आहे. शिक काई तिच्यापासून." हे वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं शिरलं. त्या दिवसापासून तिची सावलीसुद्धा माझ्या डोळ्यात खुपायला लागली.

त्याच सुमारास ती पांढऱ्या परकराचं कापड घेऊन आली. म्हणाली, "बाई, याले आतून एक खिसा लावा. चांगला खोल. अन् वरून बटन."

"कायले?"

"पैसे ठेवाले."

मी कापड मापायला घेतलं. म्हणजे दीर पगार हिच्या हातात देतात! आमच्याकडे मला भाजीला मागावे लागतात. पोटात नुसतं दुखायला लागलं. तरी खिसा लावला, आणि दुहेरी शिवण घालून लावला. मनात काहीही असो, माझ्या हातची शिवण कच्ची निघत नाही. पांढरा दोरा संपला होता म्हणून लाल दोरा घातला. आतला खिसा, कोण पाहणार आहे?

शेवटी मीही त्या वर्गाला जायला लागले. तब्येतीसाठी नाही, वैशालीसाठी. सतरंजीवर मुद्दाम तिच्या शेजारी बसायची. ती श्वास सोडायला लागली की मीही सोडायची, आणि तिच्याआधी संपू नये म्हणून ओठ आवळून धरायची. माझंच आधी संपायचं.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उपयोग होत होता. योगाच्या मॅडम आम्हा दमेकऱ्यांना जोरजोरानं करायचे प्रकार करू देत नव्हत्या. म्हणायच्या, "तुम्ही सोडायला शिका. घ्यायचं आपोआप होतं." चुलीत फुंकणी घालून आपण अलगद फुंकतो, राख उडू नये आणि निखारा फुलावा म्हणून, तसा श्वास सोडायचा. हे मला लगेच जमलं, कारण ते मी लहानपणापासून करत आले आहे. धाप लागण्याआधी भीती येते हेही मला तिथेच कळलं. भीती आली की मी खांदे वर ओढायची आणि मग खरोखरच कोंडायचं. आता भीती आली की मी फुंकणी आठवायची. कापड बेतताना मध्ये मध्ये थांबावं लागायचं ते कमी झालं. उशा काढून टाकल्या आणि आडवी झोपायला लागले. गडचिरोलीला तपासणीत फुंकले तर काटा चांगला वर गेला.

डॉक्टर मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "दोन्ही चालू ठेवा. योगही, पंपही. पंप कमी करायचा असेल तर मी सांगेन." योगाच्या मॅडमही प्रत्येक वर्गात हेच सांगायच्या. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. दोघींनी सांगितलं होतं.

पण माझ्यानंतर वैशाली आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ती नेहमीच लोटायची. बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्यायले सांगतलं का तू पंप सोडला म्हणून?"

"त्यायले कायले सांगाचं?" ती म्हणाली आणि चप्पल घालायला वाकली.

मी बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिले. माझा काटा वर गेला होता, पंप घेऊन. हिचा गेला असेल, पंपाशिवाय. माझ्या काट्याचा आनंद कुरखेडा येईपर्यंत पार आटून गेला. त्या दिवशी कचोरीही खाल्ली नाही.

पेटीत

मी पंप सोडला. दोन्ही. पत्र्याच्या पेटीत, हिवाळ्यातल्या गोधड्यांखाली ठेवले आणि वर कुलूप घातलं.

आणि काहीच झालं नाही. खरा घात तिथेच होतो, हे सगळ्या दमेकऱ्यांनी नीट ऐका. पहिले काही दिवस काहीच होत नाही. आधी घेतलेल्या औषधाच्या जोरावर माणूस चालत राहतो आणि त्याला वाटतं, आपण आपल्याच जोरावर चाललो आहोत. मी तर हवेत होते. हापशीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीबी सोडला पंप. काई नाई लागत."

बायकांनी कौतुक केलं. पण वैशालीचा चेहरा उतरला. घागर खाली ठेवून ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी नका सोडू. तुमचं येगळं आहे."

"काऊन? तुह्या एकटीलेच जमते काय?"

तिनं तोंड उघडलं. मग हापशीचा दांडा मारणाऱ्या साक्षीकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. मी मनात म्हटलं, बघा, कशी जळली. इतके दिवस मी जळले, आता तुझी पाळी. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मोहाखाली

मग मोहाचे दिवस आले. आमच्या भागाबाहेरच्या ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि उजाडताच वेचावी लागतात. खाली पाचोळ्याचा थर असला तर त्यात फूल दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. वनविभागाची माणसं दरवर्षी गावात येऊन सांगतात, पेटवू नका. दरवर्षी आम्ही मान हलवतो आणि पेटवतो. सकाळपर्यंत तो धुमसत राहतो आणि धूर झाडांमधून गुडघाभर उंचीवर पसरलेला असतो. लहानपणापासून तोच धूर बघितल्यामुळे तो आम्हाला धूर वाटतच नाही. ती मोहाच्या दिवसांतली सकाळ वाटते.

योगाच्या मॅडमनी सांगितलं होतं, सकाळच्या मोकळ्या हवेत करा. आता जंगलाएवढी मोकळी हवा कुठं असणार? मी टोपलीत पोतं घेतलं आणि आमच्या मोहाखाली गेले. शेजारचा मोह वैशालीचा. आजूबाजूला बऱ्याच बायका वेचत होत्या. त्यांच्यात साक्षीसाठी ज्या घरून विचारणा झाली होती, त्या घरच्या मुलाची मामीही होती. ती आमच्याच गावात दिलेली आहे.

मी पोतं अंथरलं, मांडी घातली, पाठ ताठ केली. आणि जो प्रकार आम्हाला करू देत नव्हते तोच सुरू केला, भात्यासारखा जोरजोरात. हळू श्वास लांबून कुणाला दिसत नाही. हा दिसतो, ऐकूही येतो. वैशालीनं वळून बघावं एवढीच इच्छा होती. तिनं बघितलं.

लोक म्हणतात दम्यात श्वास आत जात नाही. माझा बाहेर येईना. छाती भरलेली, गच्च, आणि वर आणखी घ्यायला जावं तर जागाच नाही. खोकला आला, धूर आत गेला, पुन्हा खोकला. डोळ्यांपुढे फुलं पिवळी दिसत होती ती करडी दिसायला लागली. मी हात जमिनीवर टेकले. तळव्याखाली राख गरम होती. सासूबाई कशा गुडघ्यांना मिठी मारून बसायच्या ते मला त्या वेळी कळलं, आणि वाटलं, आपण जातो.

वैशाली टोपली टाकून पळत आली. फुलं सगळी सांडली. "बाई! पंप कुठी आहे तुमचा?"

मी गावाकडे बोट केलं. बोलता येत नव्हतं.

बायका गोळा झाल्या. मामीही आली. वैशालीनं एकदा तिच्याकडे बघितलं. ती घुटमळली. अगदी क्षणभरच, पण मी बघितलं. मग तिनं साडीचा घोळ बाजूला केला, परकरात हात घातला, बटण काढलं आणि निळा पंप बाहेर काढला.

परकराच्या त्या खिशाचा पांढरा काठ माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यावर लाल दोरा, दुहेरी शिवण.

"तोंड उघडा. सोडा आधी. हं, आता वढा." तिनं पंप दाबला. "धरून ठेवा. आता फुका. चुलीत फुकता तशी. हळू, राख उडू नका देऊ. माह्यासंगं फुका." ती माझ्यासमोर राखेत बसली होती, कपाळाला कपाळ लावून, आणि ओठांचा चंबू करून माझ्याबरोबर फुंकत होती. पुन्हा पंप. पुन्हा फुंकर. इतके दिवस मी तिच्याशी श्वासाची शर्यत लावली होती. त्या वेळी मात्र तिचा श्वास माझ्या श्वासासाठी थांबत होता.

जरा वाट मोकळी झाली आणि मनात पहिला शब्द आला तो आभाराचा नव्हता. खोटारडी, हा तो शब्द होता. जसं झालं तसं सांगते आहे.

वॉर्डात

कुरखेड्याला आणि तिथून गडचिरोलीला नेलं. तोंडावर मास्क, वाफ, हातात सुई. वॉर्डातले दिवस सगळे सारखेच असतात. सकाळी फिनाईलच्या वासाबरोबर जाग येते, मग चहावाला, मग डॉक्टरांचा राऊंड, मग वाट बघणं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मस्त घोरायची. तिच्या त्या घोरण्याचाही मला हेवा वाटायचा, केवढा मोठा श्वास वाया घालवते आहे म्हणून. पण त्याच म्हातारीनं आपली जास्तीची उशी माझ्या पाठीमागे लावायला दिली. त्या उशीवर मला पहिल्यांदा झोप लागली.

यजमान पेटीतले पंप घेऊन आले. रुमालात गुंडाळले होते आणि त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. त्यांनी ते माझ्या उशाशी ठेवले आणि खाटेच्या पायथ्याशी बसून माझी पावलं दाबायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी दाबली नव्हती. "आता कोणापासून काई शिकू नको," एवढंच म्हणाले.

जवळ राहायला वैशाली. माझं तोंड पुसायची, वेणी घालायची, डबा भरवायची. नर्स येता-जाता म्हणायच्या, "सख्खी बहीण काय? किती करते!" झालं, तिथेही तिचंच कौतुक. मरता मरता मी वाचले आणि नाव तिचं.

मास्क निघाल्या निघाल्या मी विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

ती संत्रं सोलत होती. सोलत राहिली. "साक्षीसाठी. पोरगी पाहाले येतात ते पहिले हेच विचारतात, घरात कोणाले दमा-गिमा आहे काय. माहा दमा गेला असं गावाले वाटाले पायजे होतं, तुमचं तं सगळ्यायले मालूमच होतं. काकूचं चालते, बाई. आईचं नाई चालत."

"अन् रोज सकाळी त्या गुळण्या?"

"पंपाच्या. दुसऱ्या कायच्या?"

"मले तरी सांगाचं होतं."

"तुमाले?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमी हापशीवर सांगतलं असतं."

मी हसले आणि हसताना खोकला आला, तशी ती पाठ चोळायला उठली. खरं तेच बोलत होती. रडायला तिला मग आलं. म्हणाली, तुम्ही पंप सोडला असं ऐकल्यापासून तिला झोप नव्हती. रोज पहाटे आधी भिंतीला कान लावायची, माझी छाती वाजते का ऐकायला. मी तिच्या श्वासाला कान लावून होते आणि ती माझ्या.

डॉक्टर मॅडमनी दोघींना एकदमच फैलावर घेतलं. मग मी भीत भीत विचारलं, "म्हणजे योगाचा काहीच उपयोग नाही का?"

त्या म्हणाल्या, "पंप घेताना घाबरून न जाता श्वास सोडता आला, तो कशामुळे? आणि नुसतं फुंकून वाचला असता का?" एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

अजूनही

मामीनं जे बघायचं ते बघितलं होतं. साक्षीचं ते स्थळ परत गेलं. नीट निरोपही आला नाही, फक्त येणं बंद झालं. वैशालीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ते मला फार जड गेलं. तिच्या जागी मी असते तर रोज ऐकवलं असतं. साक्षी मात्र म्हणाली, "आईच्या पंपाले भेणारं घर मलेबी नको." पोरगी माझ्या वळणावर गेली आहे.

आता आम्ही दोघी सतरंजीवर पंप समोर ठेवून बसतो. ते बघून गावातल्या आणखी दोघींनी आपापले पंप बाहेर काढले. रोजचा पंप आधी, गुळण्या, मग श्वास. मोहाखाली आता आम्ही खराट्यानं झाडतो, पेटवत नाही. इतर जण पेटवतात, त्यामुळे त्या दिवसांत दार लावून घरातच बसून करायचं आणि वेचायला जाताना नाकाला ओला रुमाल बांधायचा.

मी स्वतःसाठी कमरेला अडकवायची पिशवी शिवली आहे, पंपाची. लाल कापडाची, कडेनं जर, आणि साडीच्या बाहेरून लटकणारी. ज्याला बघायचं त्यानं बघावं. वैशालीनं बघितली आणि लगेच म्हणाली, "बाई, मलेबी शिवून द्या ना एक तशीच."

"कापड सरलं," मी म्हणाले. कापड पेटीत घडी करून ठेवलेलं होतं. मी मनात ठरवलं होतं, ज्या सकाळी माझी भ्रामरी तिच्यापेक्षा लांब जाईल त्या सकाळी देईन. दम्यानं माझी खोड मोडली नाही. अजूनही पहाटे भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो, मी इकडून माझा लावते, माझा संपतो आणि तिचा चालूच असतो. अजूनही जळते मी. आता फक्त पंप घेऊन जळते.

परवा तिचा आवाज आधी थांबला. मला वाटलं खोकला येईल, पंप हलवल्याचा आवाज येईल. काहीच आलं नाही. भिंतीपलीकडे ती गप्प बसून ऐकत होती. मुद्दाम थांबली होती. मला जिंकू देत होती! माझा इतका संताप झाला की माझी भ्रामरी तिथेच तुटली.

उठले, पेटी उघडली, लाल कापड काढलं आणि मशीनवर बसले. माप घ्यायला तिच्याकडे गेले नाही. त्या खिशाचं माप मला पाठ आहे.